उशाशी ग्रंथ : गंभीर आजारपण आणि मराठी वाचनाचा इतिहास



झाशीहून ललितपूरच्या दिशेने निघालात की पंचवीस-तीस किलोमीटरवर बबीना लागते. हे लष्करी छावणीचे गाव आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून बदली होऊन आलेली कुटुंबे इथे काही वर्षे राहतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. त्यांच्या सामानात भांड्याकुंड्यांबरोबर एखादी पोथी, गीतेचे एखादे पुस्तक बहुधा असते. घरात कोणी गंभीर आजारी पडले की झाशीचे मोठे रुग्णालय गाठावे लागते. तपासण्या होतात, अहवालांची वाट पाहावी लागते आणि त्या दोहोंच्या मध्ये जो लांबलचक वेळ उरतो त्यात कोणीतरी ते पुस्तक उघडते. कधी आजारी माणूस स्वतः उघडतो, पण पुष्कळदा त्याच्याजवळ बसलेले माणूस उघडते.

या पाठाचा विषय ही कृती आहे. राजकीय इतिहासाच्या पुस्तकात तिला जागा नसते, आणि साहित्याच्या इतिहासातही ग्रंथ कोणी लिहिला हे सांगतात, तो कोणाच्या उशाशी वाचला गेला हे क्वचितच सांगतात. तरी मराठीत या कृतीच्या नोंदी आहेत आणि त्या चांगल्या भरीव आहेत. त्या वाचताना दोन प्रश्न मनाशी धरा. आजारपणात पुस्तकातून दिलासा मिळतो म्हणजे नेमके काय होते? आणि मार्गदर्शन मिळते म्हणजे काय मिळते?

सुरुवात झाशीपासून करू, कारण मराठी ग्रंथांच्या इतिहासातील एक मोठी हानी इथे झाली आहे.

झाशीचा ग्रंथसंग्रह

झाशीच्या नेवाळकर राजघराण्याकडे हस्तलिखित पोथ्यांचा मोठा संग्रह होता. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५८ च्या वेढ्याच्या काळात झाशीतच अडकले. त्यांनी पुढे पुष्कळ वर्षांनी लिहून काढलेले ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली संपादून छापले. त्यात या संग्रहाचे वर्णन आहे. दूरदूरच्या विद्वानांना एखादा ग्रंथ हवा असला तर तो इथून उतरवून नेता येई, अशी त्याची ख्याती होती. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज दक्षिणेकडून, तालबेहटच्या बाजूने, म्हणजे आजचे बबीना ज्या मार्गावर आहे त्याच अंगाने झाशीवर आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडले, आणि लुटीत हा संग्रहही गेला. गोडशांनी माणसांच्या कत्तलीबरोबर पोथ्यांच्या नाशाचेही दुःख नोंदवले आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगी एका भिक्षुकाला कागदांची हळहळ वाटावी, यावरून त्या कागदांची किंमत ओळखा.

याच घराण्यातील आणखी एक आजारपण तुम्हाला ठाऊक आहे, फक्त ते आजारपण म्हणून शिकवले जात नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव अंथरुणाला खिळले. मृत्यूच्या उंबरठ्यावर त्यांनी दत्तक घेतला आणि कंपनी सरकारला खरिता लिहिला. त्यात पूर्वीच्या तहाचा हवाला होता. २१ नोव्हेंबरला ते वारले आणि पुढच्या वर्षी झाशी खालसा झाली. मृत्युशय्येवरच्या माणसाने एका लेखी शब्दावर विसंबावे आणि तो शब्द फिरावा, असेही घडते. लिहिलेले सगळेच तारून नेत नाही, हे या विषयाच्या प्रारंभीच ध्यानात असलेले बरे.

पण पोथ्यांकडे वळू. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ दुर्मीळ होता आणि तो वाचू शकणारा माणूसही दुर्मीळ होता. त्यामुळे आजाऱ्याने पुस्तक हातात घेऊन एकट्याने वाचणे ही गोष्ट जवळजवळ नव्हतीच. आजारी माणूस ऐके आणि दुसरा कोणी वाचून दाखवी. आपल्याकडे यासाठी ‘श्रवण’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो ‘वाचन’ या शब्दापेक्षा जुन्या सवयीचा आहे. दिलासा म्हणजे काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे सापडते. मजकूर कोणताही असो, त्याबरोबर ओळखीचा आवाज येत असे आणि वाचणारे माणूस ठरावीक वेळ जवळ बसत असे.

ग्रंथांची घडणही या कामाला सोयीची होती. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, पण ओवी ही छोटी गोष्ट आहे. साडेतीन चरणांनंतर कुठेही थांबता येते, रुग्णाला ग्लानी आली तर मिटता येते आणि जाग आल्यावर तिथूनच धरता येते. गीतेचे सातशे श्लोक संथपणे म्हटले तरी एका सकाळी संपतात. गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांचे असते. दीर्घ आजारात माणसाचे दिवस एकमेकांत मिसळून जातात, मंगळवार कोणता आणि शुक्रवार कोणता हे कळेनासे होते. अशा वेळी आज तिसरा दिवस, उद्या चौथा, असा हिशेब हाती लागणे याला स्वतःचे मोल आहे.

गुरुचरित्राचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबू. या ग्रंथात आजारांच्या कथा जागोजागी आहेत. त्यातील एका कथेत पोटशूळाने हैराण झालेला ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. अन्न पोटात ठरत नाही, म्हणून जगणेच नको झाले आहे. गुरू त्याला अडवतात आणि पोटभर जेवू घालण्याची व्यवस्था करतात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून ही कथा औषधाची चिठ्ठी समजून वाचायची नसते, आणि ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का मारून टाकूनही द्यायची नसते. तिच्यातून एक गोष्ट निश्चित कळते : असह्य वेदनेमुळे माणसे आत्महत्येपर्यंत येत होती, हे त्या समाजाला माहीत होते आणि ते ग्रंथात स्पष्ट लिहिण्याची त्याला लाज वाटत नव्हती. सात दिवस ऐकणाऱ्या रुग्णाला आपल्यासारखा कोणीतरी त्या पोथीत भेटत असे. पोथी ऐकून रोग बरा होतो असे मात्र कोणतीही नोंद सिद्ध करीत नाही. पारायणाच्या भरवशावर औषध थांबवणारी घरे तेव्हाही होती, आजही आहेत, आणि त्याची किंमत रुग्ण देतो.

सोळा वर्षांचा वाचक

आता एका ठोस प्रसंगाकडे येऊ. साल १८७२, गाव पुणे. गंगाधरपंत टिळक हे शिक्षण खात्यातील गृहस्थ. रत्नागिरीहून १८६६ मध्ये ते पुण्याला आले. त्याच साली त्यांची पत्नी वारली. सहा वर्षांनी त्यांचे स्वतःचे शेवटचे दुखणे सुरू झाले. त्यांचा मुलगा बाळ तेव्हा सोळा वर्षांचा, मॅट्रिकच्या परीक्षेच्या तोंडावर आलेला. वडिलांच्या उशाशी बसून त्यांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ नावाची प्राकृत टीका वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले. प्राकृत म्हणजे इथे मराठी. ऑगस्टच्या अखेरीस गंगाधरपंत वारले, आणि मुलगा त्याच वर्षी मॅट्रिक झाला.

ही आठवण खुद्द लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. गीतेशी आपली पहिली ओळख अशी झाली, आणि त्या वयात तिचा अर्थ पुरता कळणे शक्य नव्हते, असे ते सांगतात. मात्र त्या वयात मनावर उमटलेला ठसा पुसला गेला नाही. पुढे संस्कृत भाष्ये वाचताना एक शंका त्यांना सोडेना. अर्जुनाला युद्धाला उभे करण्यासाठी सांगितलेल्या गीतेत मोक्ष ज्ञानाने किंवा भक्तीने कसा मिळवावा, याचेच विवेचन मुख्य कसे काय? कर्म सोडायचे तर लढायचे कशासाठी?

या प्रसंगाचा मी इतका विस्तार करतो आहे, कारण ‘मार्गदर्शन’ या शब्दाविषयीची आपली समजूत तो सुधारतो. मरणाऱ्या बापाला त्या वाचनातून काय मिळाले असेल ते आपण आपल्या अनुभवाने ताडावे. वाचणाऱ्या मुलाला मात्र उत्तर मिळाले नाही, त्याला एक प्रश्न मिळाला. तो त्याने छत्तीस-अडतीस वर्षे जवळ बाळगला.

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. मधुमेहाने ते आधीच बेजार होते. तुरुंगात पथ्य सांभाळायचे, परक्या हवेत दिवस काढायचे, आणि सोबत पुस्तके. हा संग्रह वाढत वाढत काही शेकड्यांवर गेला. १९१० च्या नोव्हेंबरात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले आणि मार्च १९११ च्या अखेरीस खर्डा पुरा केला. पुढे १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची बातमी त्यांना तुरुंगातच कळली. तिच्या आजारपणात उशाशी बसून वाचणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९१४ मध्ये सुटका झाली, १९१५ मध्ये ग्रंथ छापला गेला. वडिलांना वाचून दाखवले त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

टिळकांनी काढलेला कर्मयोगाचा अर्थ तुम्हाला पटो वा न पटो, तो वेगळ्या पाठाचा विषय आहे. इथे एवढेच पाहा की विसाव्या शतकातील एका प्रभावी राजकीय ग्रंथाचा उगम आजाऱ्याच्या खोलीत आहे, आणि त्या खोलीतील वाचक तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान होता.

डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक

वरच्या हकीकतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : घरात ग्रंथ आहे आणि तो उघडण्याचा अधिकारही आहे. ज्यांना हा अधिकारच नाकारला होता त्यांनी काय करावे? पुण्यातच, टिळकांच्या तरुणपणी, याचे उत्तर दुसऱ्या एका आजाऱ्याने दिले.

१८८८ मध्ये जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. जुन्या पोथ्यांत दिलासा शोधण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. त्या पोथ्यांनी शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना काय दिले, याचा जाब विचारण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. ते १८८९ मध्ये पुरे झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी फुले वारले आणि पुस्तक १८९१ मध्ये छापून निघाले.

या पुस्तकाची रचना प्रश्नोत्तरांची आहे. निर्मिक, नीती, स्त्री-पुरुषांची समानता यांबरोबरच जन्म, लग्न आणि मृत्यू या प्रसंगी पुरोहिताविना काय करावे हेही त्यात आहे. स्वतःचा मृत्यू समोर दिसत असताना या माणसाने इतरांच्या घरातील मृत्यूसाठी व्यावहारिक सूचना लिहिल्या. आजारपणातील ग्रंथांचा इतिहास लिहायचा तर माझ्या मते हे पुस्तक त्यात अग्रभागी हवे. दिलासा देणारे पुस्तक घरात नसेल तर ते लिहावे लागते, आणि अर्धे शरीर साथ देत नसतानाही ते लिहिता येते, याचा हा दाखला आहे.

स्त्रियांची बाजू याच काळात वेगळ्या रीतीने पुढे येते. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच खपत नव्हते, आणि त्यासाठी सोसलेली बोलणी रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात सविस्तर लिहिली आहेत. पुढे रानड्यांना डोळ्यांच्या विकाराने पुष्कळ त्रास दिला, आणि त्यांचे वाचन दुसऱ्याच्या डोळ्यांनी होऊ लागले. जिला शिकवले म्हणून घर रागावले होते, तिचेच वाचन आजारपणात घराच्या कामी आले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाईंनी शेवटच्या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते मुळातूनच वाचा. मराठीत आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेले इतके नेमके गद्य त्यापूर्वी फारसे नाही.

उशिरा पोहोचलेली गीता

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्या ऑक्टोबरच्या २४ तारखेला बडोद्यात रुक्मिणीबाई भावे वारल्या. त्या विनोबांच्या आई. काही वर्षांपूर्वी त्या गीतेवरील प्रवचने ऐकायला जात. संस्कृत कळत नसे, म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. मुलाने एक पद्य भाषांतर आणून दिले, तेही त्यांना संस्कृताइतकेच अवघड वाटले. तेव्हा त्यांनी मुलाला सुचवले की सोपी गीता तूच का करीत नाहीस? ही हकीकत विनोबांनी स्वतः सांगितलेली आहे.

‘गीताई’ची रचना त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी केली. आईला जाऊन तोवर बारा वर्षे झाली होती. जिच्यासाठी ग्रंथ झाला तिच्या उशाशी तो कधीच वाचला गेला नाही. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुन्हा एकदा पाहा, एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि पुस्तक त्यातून तयार होते. ‘गीताई’ इतकी सोपी आणि स्वस्त झाली की ज्या घरात संस्कृत कोणालाच येत नव्हते तिथेही ती आजाऱ्याजवळ वाचली जाऊ लागली. रुक्मिणीबाईंची मागणी अशी इतरांच्या उपयोगी पडली.

याच सुमारास पाश्चात्त्य जगात या कृतीला शास्त्रीय नाव मिळत होते. सॅम्युअल क्रॉथर्स या अमेरिकन लेखकाने १९१६ मध्ये एका मासिकातील लेखात ‘बिब्लिओथेरपी’ हा शब्द वापरला. लेख बराचसा थट्टेच्या सुरात होता, पण शब्द टिकला. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत ग्रंथालये निघाली आणि कोणत्या रुग्णाला कोणते पुस्तक द्यावे याचा विचार गंभीरपणे होऊ लागला. आपण त्याला ग्रंथोपचार म्हणतो. मला या शब्दातील ‘उपचार’ थोडा खटकतो. वर पाहिलेल्या एकाही प्रसंगात पुस्तकाने रोग हटवलेला नाही.

गेल्या काही दशकांत मराठीत मोठा बदल झाला तो असा की आजारी माणूस स्वतःच्या आजारावर पुस्तक लिहू लागला. पद्मजा फाटक यांनी मूत्रपिंड-रोपणाच्या अनुभवावर ‘हसरी किडनी’ लिहिले; शीर्षकातच त्यांचा स्वभाव आहे. डॉ. अभय बंग वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढले आणि गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करू लागले. वयाची पन्नाशी यायच्या आत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकात डॉक्टर स्वतः रुग्ण होतो आणि पुस्तके धुंडाळू लागतो. डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरचे आहार, व्यायाम आणि ध्यान यांविषयीचे संशोधन तो वाचतो, आणि त्याच वेळी आपल्या जगण्याच्या घाईकडेही वळून पाहतो. इथे मार्गदर्शन पुष्कळ थेट आहे : काय खावे, किती चालावे, रागाचे काय करावे. असंख्य मराठी घरांत हे पुस्तक हृदयरुग्णाला भेट म्हणून गेले. देणाऱ्याला जे तोंडाने बोलता येत नव्हते ते पुस्तकाच्या हाती पाठवले गेले असावे, असे मला वाटते.

या विषयावर तुम्हाला स्वतः काम करायचे असेल तर साधने लांब नाहीत. घरातील किंवा शेजारच्या घरातील जुनी पोथी, जुने गीतेचे पुस्तक परवानगी घेऊन पाहा. पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर तिथी लिहिलेल्या असतात : पारायण कधी बसवले, कोणाच्या दुखण्यात, कोणी वाचले. कुठल्या अध्यायाची पाने जास्त मळली आहेत ते बघा, तेलाचे आणि कुंकवाचे डाग बघा, खूण म्हणून ठेवलेला कागद कसला आहे तो बघा. ती रुग्णालयाची पावती असू शकेल, रेल्वेचे तिकीट असू शकेल. मग त्या घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा की हे कोणाच्या आवाजात ऐकल्याचे आठवते. उत्तर लिहून घ्या, दिनांक घाला, आणि सांगणाऱ्याने नाव देऊ नका म्हटले तर देऊ नका.